त्या रकान्यातलं तिसरं मूल

इंदूर, नोव्हेंबर २०२५

प्रति,
सामान्य प्रशासन विभाग, मध्य प्रदेश शासन, भोपाळ
आणि मध्य प्रदेश विधानसभेचे सर्व सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

मी इंदूरची. जन्म इथला, शाळा इथली आणि नोकरीही इथल्याच एका शासकीय कार्यालयात झाली. बासष्टाव्या वर्षी मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. शासनाशी पत्रव्यवहार हे माझं रोजचं काम होतं, पण ते सगळं हिंदीत, साहेबांच्या सहीनं, ‘उपरोक्त विषयांतर्गत’ अशा सुरुवातीचं. स्वतःच्या सहीनं आणि आईच्या भाषेत शासनाला लिहिण्याची ही पहिलीच वेळ. पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ते माझ्या माणसांनीही वाचावं असं वाटतं. लोकमान्य नगरात, सुदामा नगरात, जेल रोडच्या जुन्या वाड्यांत, शासकीय नोकरीतल्या दोन अपत्यांच्या नियमापायी लपवलेल्या तिसऱ्या मुलाची गोष्ट ठाऊक असलेली कितीतरी घरं आहेत. बोलत कोणी नाही.

स्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका आणि सेवेच्या फाइली पाहणाऱ्या शाखेत, माझी बदली २००१ साली झाली. म्हणजे हा नियम आणि मी तिथे बरोबरच आलो. नियम असा: ज्याला दोनपेक्षा जास्त जीवित अपत्यं आहेत आणि त्यांतल्या एकाचा जन्म २६ जानेवारी २००१ रोजी किंवा त्यानंतर झाला आहे, तो शासकीय नोकरीला अपात्र. जो आधीच नोकरीत आहे, त्याच्या बाबतीत तेच आचरण नियमांखाली गैरवर्तन. एक मूल असताना दुसऱ्या खेपेला जुळी झाली तर सूट. ही ओळ मी इतक्यांदा टाइप केली आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

२००९ च्या पावसाळ्यात आमच्या कार्यालयातला एक शिपाई मोटारसायकल घसरून गेला. भला माणूस. उन्हाळा लागला की माठात वाळा टाकायची आठवण त्याला कधी करून द्यावी लागली नाही. तेरावं झाल्यावर चार दिवसांनी त्याची बायको अनुकंपा नियुक्तीचा अर्ज घेऊन आली. साडीच्या दुकानाच्या पिशवीत कागद नीट घडी घालून ठेवलेले होते. मृत्यूचा दाखला, तिची आठवीची गुणपत्रिका, रेशन कार्ड. बरोबर तीन मुलं. मोठी नऊ वर्षांची, मधला सहाचा, धाकटा तीनचा. धाकटा माझ्या टेबलाखाली बसून बिस्किट खात होता आणि फरशीवर पडलेला चुरा बोटानं टिपून पुन्हा तोंडात घालत होता.

मी फॉर्म भरत गेले. नाव, वय, शिक्षण. मग ‘जीवित संतानों की संख्या’ हा रकाना आला. मी ३ लिहिलं, पुढे जन्मतारखा लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं. तिला समजावलं की हा अर्ज मंजूर व्हायचा नाही. तिला वाटलं, फॉर्म भरताना काही चुकलं. ती म्हणाली, ‘तो इसमें से किसको काटना है, मैडम?’

ती रागावून बोलली नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. तोवर शासनाच्या ज्या ज्या फॉर्मशी तिची गाठ पडली होती, त्यांतली चूक खोडून बाजूला सही केली की काम होत असे. माझ्यासमोरच्या भिंतीवर अहिल्याबाईंची तसबीर होती. निपुत्रिक विधवेची मालमत्ता सरकारजमा करायला त्यांनी नकार दिला, ही गोष्ट आम्ही इंदूरकर पाळण्यापासून ऐकत आलो आहोत. त्या तसबिरीखाली बसून मी एका विधवेला सांगत होते, की तुला मुलं जास्त आहेत म्हणून तुला नवऱ्याच्या जागी घेता येत नाही. पंधरा दिवसांनी फाइल ‘अपात्र’ शेरा घेऊन परत आली. त्या बाईनं पुढे पोळ्या लाटायची कामं धरली. मोठ्या मुलीची शाळा सहावीत सुटली.

अनुकंपा नियुक्ती असते कशासाठी? मिळवता माणूस गेला तर मागे राहिलेली तोंडं उपाशी राहू नयेत म्हणून. दोन तोंडं असतील तर भाकरी, तीन असतील तर काही नाही, हे गणित मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळत नाही. नियम तोडला असेल तर तो नवरा-बायकोनं मिळून. नवरा तर मेला. आणि नऊ, सहा आणि तीन वर्षांच्या त्या पोरांनी कोणता नियम तोडला होता?

नियमातल्या ‘जीवित’ या शब्दाविषयीही सांगते, कारण भोपाळला बसून तो कसा दिसतो मला माहीत नाही, पण काउंटरवर कसा दिसतो ते माहीत आहे. एका भरतीच्या वेळी कागदपत्रांची पडताळणी चालू होती. एका उमेदवारानं तीन मुलांचे जन्मदाखले लावले आणि त्यांच्या मागे मधल्या मुलीचा मृत्यूचा दाखला. ती तापानं गेली होती, वर्षही झालं नव्हतं. तो दाखला होता म्हणून तो पात्र ठरला. मी त्याच्या कागदांवर क्रमांक घातले आणि त्या दाखल्यावर माझ्या हातानं ‘संलग्नक ७’ लिहिलं. नोकरी लागल्यावर तो पेढे घेऊन आला होता. आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता उभे होतो.

आता लोक काय करतात ते. तिसरं मूल झालं की पहिला प्रश्न पडतो नोंदीचा. काही ठिकाणी जन्म जावेच्या नावावर लागतो, काही ठिकाणी नणंदेच्या. मग शाळेत तेच नाव, समग्र आयडीत, म्हणजे राज्याच्या कुटुंबनोंदीत, त्याच कुटुंबात, आधारवर तोच बाप. एक खोटं टिकवायला पुढची दहा खोटी कागदं लागतात. आमच्या ओळखीत एक शिक्षक आहेत, दोन मुलींवर झालेला त्यांचा मुलगा आजोळी, देवासला वाढला. मामाचं नाव बाप म्हणून लागलेलं. दिवाळीला तो इंदूरला येई. एका भाऊबीजेला मी त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा असेल. पाहुणे बसले होते आणि त्याला चकली हवी होती. तो स्वतःच्या वडिलांपाशी जाऊन म्हणाला, ‘मामा, मला एक दे ना.’ वडिलांनी चकली दिली. आई आत निघून गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. पाहुणे गेल्यावर तो पोरगा आपण होऊन आईच्या मांडीवर जाऊन आडवा झाला. कोणासमोर काय म्हणायचं, हे त्याला त्या वयात पक्कं ठाऊक होतं.

हा मुलगा काही एकटा नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी असे असतील, असं मी स्थापना शाखेत बसून आलेल्या तक्रारींवरून सांगते. कारण तक्रारी तर येतच. निनावी असत, टाइप केलेल्या. पदोन्नतीची यादी निघायच्या महिनाभर आधी हमखास. सोबत शाळेच्या दाखल-खारिज नोंदवहीची नक्कल, कधी माहितीच्या अधिकारात काढलेला जन्मदाखला. ज्याच्या घरी बारशाला जेवून आला, त्याच्याच विरोधात चार वर्षांनी तो कागद बाहेर काढायचा. या नियमानं लोकसंख्येचं काय केलं ते पुढे लिहिते. पण कार्यालयात शेजारी बसणाऱ्या माणसांना एकमेकांच्या घरातली मुलं मोजायला त्यानं शिकवलं, हे मी पाहिलं आहे.

आणि माझा हात यात स्वच्छ नाही. एका लिपिक बाईविरुद्ध अशी तक्रार आली, तेव्हा नोटशीट, म्हणजे फाइलवरची कार्यालयीन टिपणी, मी लिहिली. तिला पहिल्या दोन मुली. तिसऱ्या खेपेला तिनं काय काय सोसलं ते ती मला जेवणाच्या सुट्टीत सांगत असे. सासूचं म्हणणं मुलगा हवा. नवऱ्याचं म्हणणं, नोकरीही हवी आणि मुलगाही हवा. मी ते सगळं ऐकलेलं होतं, आणि तरी नोटशीटवर ‘प्रथमदृष्ट्या आरोप सिद्ध होतो’ असं वळणदार अक्षरात लिहिलं. कारणे दाखवा नोटीस तिच्या एकटीच्या नावानं निघाली. नवरा खासगी नोकरीत, त्याला विचारणारं कोणी नव्हतं. सासूला तर नव्हतंच. वेतनवाढी थांबल्या त्या तिच्या. मी नियमाबाहेर काही केलं नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले.

मुलगा हवा हा हट्ट शासनानं जन्माला घातलेला नाही, तो आपल्या घरांतला आहे, हे मला मान्य आहे. पण त्या हट्टाच्या गळ्यात दोनची दोरी बांधली की ती आवळली जाते बाईच्या गळ्याभोवती. पहिली मुलगी झाली की दुसऱ्या खेपेला एकच संधी उरते. मग सोनोग्राफी कुठे होते याची कुजबुज सुरू होते. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा १९९४ चा आहे. तरी मध्य प्रदेशात शून्य ते सहा वयात हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ९३२ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ९१८ झाल्या. सगळं पाप या एका नियमाचं आहे असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटं होईल. पण एका हातानं ‘बेटी बचाओ’चा फलक लावायचा आणि दुसऱ्या हातानं पहिली मुलगी झालेल्या बाईला सांगायचं, की आता तुझ्याकडे एकच खेप उरली, हे दोन्ही एकाच शासनाचे हात आहेत.

हे मी नवीन सांगत नाही. आपल्याच राज्याच्या मुख्य सचिव राहिलेल्या निर्मला बुच यांनी मध्य प्रदेशासह पाच राज्यांत पंचायतीच्या पदांना लावलेल्या दोन अपत्यांच्या अटीचा अभ्यास केला होता. बायकोला सोडून देणं, मूल आपलं नाहीच असं सांगणं, मूल दुसऱ्याला देऊन टाकणं, गर्भपात हे सगळं त्यांना गावोगाव आढळलं. पद गमावणाऱ्यांत दलित, आदिवासी आणि मागास जातींचे लोक मोठ्या संख्येनं होते. पंचायतीत बायका नुकत्या कुठे खुर्चीवर बसू लागल्या होत्या, आणि आपल्याला किती मुलं व्हावीत हे ठरवायचा अधिकार घरात नसलेल्या बाईची खुर्ची त्याच मुलांपायी जात होती.

त्यावर राज्यानं काय केलं? २००५ साली पंचायतींची अट काढून टाकली. सर्वोच्च न्यायालयानं हरियाणाच्या प्रकरणात २००३ साली अशी अट घटनेत बसते असा निकाल दिलेला असतानाही काढली. घटनेत बसतं म्हणून ठेवलंच पाहिजे असं नसतं, हे तेव्हाच्या विधानसभेला उमगलं होतं आणि त्याबद्दल मला तिचा आदर आहे. मग प्रश्न असा, की सरपंचाला जी अट जाचक ठरली ती शिपायाला, शिक्षकाला, पटवाऱ्याला वीस वर्षं कशी चालली?

सन्माननीय सदस्यांनो, हे वाक्य तुमच्यासाठी आहे. आमदारकीला ही अट कधीच नव्हती, खासदारकीलाही नव्हती. तुमच्यापैकी कोणाला किती मुलं आहेत याच्याशी मला काही देणंघेणं नाही, आणि तसंच असायला हवं. तेवढाच मान टेबलाखाली बसलेल्या त्या पोराच्या आईला मिळावा, एवढं मी मागते.

लोकसंख्येचा ताण मला कळत नाही असं कृपया समजू नका. इंदूरचं पाणी सत्तर किलोमीटरवरच्या नर्मदेतून डोंगर चढवून आणावं लागतं. ते येण्याआधीचे उन्हाळे मी पाहिले आहेत, पितळी घागर घेऊन पहाटे चारला रांगेत उभी राहिले आहे. मला दोन मुलं. दुसऱ्या बाळंतपणानंतर मी स्वतः ऑपरेशन करून घेतलं, कोणी सांगितलं म्हणून नव्हे. माझ्या आजीची नऊ बाळंतपणं झाली, सहा मुलं जगली. आईला आम्ही चार. मला दोन, आणि माझ्या मुलीला एक, तेही चौतिसाव्या वर्षी. या चार पिढ्यांत घरावर कोणताही नियम लागू नव्हता. आजीला अक्षरओळख नव्हती, आई सातवी शिकली, मी पदवीधर, मुलगी पुण्याला नोकरी करते. झालेलं मूल जगेल याची खात्री आली, मुलगी शिकली, तिच्या हातात चार पैसे आले, तसं कुटुंब लहान होत गेलं.

आकडे तेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार मध्य प्रदेशात १९९२-९३ मध्ये एका बाईला सरासरी ३.९ मुलं होत होती, २०१९-२१ मध्ये २.०. शासकीय नोकरीत असतात राज्यातली थोडी माणसं, आणि मुलं कमी झाली ती सगळ्यांच्या घरी, भाजीवाल्याच्या, शेतकऱ्याच्या, वकिलाच्या. केरळ आणि तामिळनाडू आपल्या कितीतरी आधी, ऐंशीच्या दशकाअखेर आणि नव्वदच्या सुरुवातीला, दोनच्या आसपास पोचले. नोकरीवर टाच आणून नव्हे. शाळा आणि दवाखाने होते म्हणून. आणि या सगळ्या घटीचा भार कोणी उचलला तेही त्याच सर्वेक्षणात आहे. देशात ३७.९ टक्के विवाहित बायका स्वतःच्या शस्त्रक्रियेवर आहेत, पुरुषांच्या नसबंदीवर ०.३ टक्के.

पुरुषांची नसबंदी म्हटलं की आमच्या पिढीला १९७६ आठवतं. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. त्या वर्षी शिक्षकांना सांगण्यात आलं, ‘केस आणा’. केस म्हणजे नसबंदीला तयार झालेला माणूस. केस आणली नाही तर पगार नाही. आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगासमोर अशा कितीतरी गोष्टी पुढे आल्या. आमच्या घरी तो पगार दोन महिने आला नाही, आणि आईच्या पाटल्या सराफ्यात गेल्या. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. शेजारी महाराष्ट्रात तर विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरच केलं होतं. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून ते राहिलं.

वडिलांनी शेवटी एक केस नेली. राजवाड्याजवळ शेंगदाण्याची गाडी लावणारा माणूस, त्यांच्या ओळखीचा, एका मुलीचा बाप. त्याला मुलगा हवा होता, पण गाडी लावू देणार नाही अशी भीती त्याला कोणीतरी घातली होती, आणि मास्तर म्हणतात म्हणजे बरोबरच असेल असंही त्याला वाटलं. वडिलांचा पगार सुटला. पाटल्या परत आल्या. पुढे त्या मुलीची फी वडिलांनी अकरावीपर्यंत भरली. आम्हाला वाटे, केवढे हे दानशूर. ते गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी आईला सांगितलं, की ती फी मी दान म्हणून भरत नव्हतो. माझ्या नोटशीटविषयी मी लिहिलं ते त्यांची मुलगी म्हणूनच लिहिलं.

शासकीय सेवकानं आदर्श घालून द्यावा, हे या नियमाचं नेहमीचं समर्थन. प्रशिक्षणात आम्हालाही तेच सांगितलं होतं. चीननं हेच सांगितलं होतं. २५ सप्टेंबर १९८० रोजी तिथल्या कम्युनिस्ट पक्षानं आपल्या सदस्यांना आणि युवक संघटनेला एक खुलं पत्र लिहिलं, की एकाच मुलावर थांबण्यात तुम्ही पुढाकार घ्या. पत्राची पुढे सक्ती झाली. १९८३ या एका वर्षात तिथे दोन कोटींच्या वर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. २००४ च्या सुमारास शंभर मुलींमागे १२१ मुलगे जन्माला येत होते. २०१० च्या जनगणनेत सुमारे एक कोटी तीस लाख माणसं अशी निघाली, की ज्यांची कुटुंबनोंदच नव्हती; त्यांतली कितीतरी नियमाबाहेर जन्मलेली मुलं. शाळा नाही, रेल्वेचं तिकीट नाही, दवाखाना नाही. २०१६ पासून तिथे दोन मुलांना परवानगी मिळाली, २०२१ ला तीन. २०२२ ला चीनची लोकसंख्या घटली. पण तीनची मुभा देऊनही मुलं काही होईनात. एकुलत्या एकाच्या घरात वाढलेल्या पिढीला आता दोन आईवडील आणि चार आजी-आजोबा एकट्यानं सांभाळायचे आहेत.

आपल्याकडेही वारं फिरू लागलं आहे. आंध्र प्रदेशानं २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांतली दोन अपत्यांची अट काढली, ते चांगलंच केलं. पण त्याच्या महिनाभर आधी तिथले मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू असं बोलले होते, की दोनपेक्षा जास्त मुलं असतील त्यालाच निवडणूक लढवता येईल असा कायदा करण्याचा विचार आहे. मला याची भीती वाटते. काल तिसरं झालं म्हणून जिच्या वेतनवाढी थांबल्या, तिच्याच मुलीला उद्या तिसरं झालं नाही म्हणून विचारणा व्हायची. फॉर्मवरचा रकाना तोच राहील, फक्त उत्तर बदलेल. म्हणून माझी मागणी दोनचे तीन करा अशी नाही. रकाना काढा.

याच सप्टेंबरच्या अखेरीला छिंदवाडा जिल्ह्यात जंगलात दगडाखाली एक नवजात बाळ सापडलं. जिवंत. पोलिसांनी सांगितलं ते असं, की बाप सरकारी शिक्षक, हे चौथं मूल, नोकरी जाईल या भीतीनं आईबापांनी ते तिथे नेऊन ठेवलं. त्या आईबापांची बाजू मी घेणार नाही. कोणत्याही नियमानं असं करायला सांगितलेलं नाही. पण बातमी वाचताना मला वाटलं, यांच्याही फाइलवर कुठेतरी एक बाई बसली असेल, माझ्यासारखी, वळणदार अक्षराची, आणि तिच्या टेबलावर तेच परिपत्रक असेल.

तर माझी विनंती. भरतीच्या नियमांतली ही अट आणि आचरण नियमांतलं हे कलम दोन्ही काढावीत. या कारणासाठी चालू असलेल्या चौकश्या बंद कराव्यात आणि थांबवलेल्या वेतनवाढी परत द्याव्यात. तिसऱ्या मुलापायी ज्या अनुकंपा नियुक्त्या नाकारल्या गेल्या त्यांचे अर्ज पुन्हा मागवावेत. त्या बायका आता पंचेचाळीस-पन्नाशीच्या असतील, वयाची अट सांगून त्यांना दुसऱ्यांदा परत पाठवू नये. हे सगळं एका आदेशानं होऊ शकतं. मी असे आदेश पाहिले आहेत, दोन पानांत मावतात.

एक गोष्ट मात्र आदेशात सहसा राहून जाते, म्हणून वेगळी लिहिते. जी मुलं दुसऱ्यांच्या नावावर लागली आहेत, त्यांना आपल्या आईबापाच्या नावावर परत येता आलं पाहिजे. जन्मदाखल्यात, शाळेत, समग्रमध्ये, आधारवर, आणि आईबापांवर खोट्या माहितीचा गुन्हा न लागता. चकली मागणारा तो मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. यंदा बारावीला. परीक्षेच्या फॉर्मवर वडिलांचं खरं नाव लागावं अशी त्याची इच्छा आहे, ती त्यानं स्वतः बोलून दाखवली. त्याचे वडील गेल्या आठवड्यात नावदुरुस्तीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आले होते, मी जुनी स्थापना शाखेची म्हणून. अर्जात शेवटी ‘दुरुस्ती का कारण’ असा रकाना आहे. तिथे काय लिहायचं, असं त्यांनी विचारलं. खरं लिहिलं तर नोकरी जाते, खोटं लिहिलं तर ते आणखी एक खोटं. मी त्यांना थोडं थांबायला सांगितलं आहे. त्या रकान्यात काय लिहावं हे विभागानं एका परिपत्रकानं कळवावं. फॉर्मची मुदत महिनाअखेरीला संपते.

आपली,
एक सेवानिवृत्त मुख्य लिपिक, इंदूर